निपाणीजवळच्या माळावर सौर प्रकल्प उभारून वीज ग्रिडला विकता येईल का? सीमेपलीकडे महाराष्ट्रात देता येईल का?

तुम्ही लिहिलंय की निपाणीजवळ अडीच-तीन एकर माळ पडून आहे, ऊस-तंबाखू तिथे होत नाही, म्हणून 500 किलोवॅटचा प्रकल्प टाकायचा विचार आहे. शेताजवळून 11 केव्हीची लाईन जाते, मग जोडणीला इतका त्रास का सांगतात, आणि दर बरा मिळाला तर वीज कागलकडे विकता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

वीज विकता येईल, पण व्यवहारात कर्नाटकातच. मी बेळगावात छोट्या सौर प्रकल्पांच्या जोडणीची कामं करतो. चिकोडी-निपाणी पट्ट्यातून हा प्रश्न सारखा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सीमेचं आधी. विजेच्या दृष्टीने निपाणी आणि कागल एकाच ग्रिडवर आहेत. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची लाईन जोडली गेली आणि दक्षिणेचा ग्रिड बाकी देशाबरोबर एकाच फ्रिक्वेन्सीवर आला. तुमच्या माळावर तयार झालेली वीज आसपासच्या पंपांत आणि गिरण्यांतच खर्ची पडणार. ती कोणाला विकली हा हिशोबाचा भाग आहे, आणि हिशोब राज्यागणिक चालतो. पलीकडे विकायची म्हटलं की केंद्रीय वीज नियामक आयोगाचे आंतरराज्य नियम लागू होतात, दोन्ही राज्यांच्या भारप्रेषण केंद्रांची (ग्रिडवरच्या विजेचा ताळमेळ ठेवणाऱ्या कार्यालयांची) संमती लागते, दर 15 मिनिटांना किती वीज देणार ते आधी कळवावं लागतं, आणि वाटेतले चार्ज व तूट वजा होतात. मोठ्या पवनऊर्जा कंपन्या हे करतात, कारण त्यासाठी त्यांच्याकडे वेगळी माणसं असतात. कायद्याची बंदी नाही, पण 500 किलोवॅटला हा खर्च झेपत नाही. कागलचा विषय डोक्यातून काढा.

आता शेताजवळच्या त्या लाईनबद्दल. ती लाईन वीज आणण्यासाठी ओढलेली आहे, नेण्यासाठी नाही. कर्नाटकातल्या पावागड्यासारखा 2,050 मेगावॅटचा सोलर पार्क झाला तेव्हा त्याच्यासाठी वेगळी उपकेंद्रं आणि लाईन उभ्या राहिल्या. आपल्याकडचे साखर कारखाने बगॅसवरची (उसाच्या चिपाडावरची) वीज विकतात, तेही स्वतःची उच्चदाब लाईन टाकून. छोट्या उत्पादकाच्या वाट्याला मात्र गावात आधीपासून असलेली तार येते. माझ्या मते देशाच्या अपारंपरिक ऊर्जेच्या कामात हीच सगळ्यात दुर्लक्षित जागा आहे. पॅनल स्वस्त झाले, अनुदानं आली, पण उपकेंद्रापासून शेवटच्या खांबापर्यंतच्या तारेकडे त्या मानाने फार थोडं लक्ष गेलं.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो ते एका उदाहरणावरून पाहा. खानापूर तालुक्यातल्या एका शेतघरावर 5 किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर (पॅनलची वीज ग्रिडला जोडणारं यंत्र) होता. टीसीपासून (गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून) घर साधारण 300 मीटरवर, मधे वीझल नावाची बारीक तार. भर दुपारी, ऊन कडक असताना इन्व्हर्टर बंद पडायचा, आणि ढग आले की आपोआप चालू व्हायचा. मालकाला वाटलं माल खराब निघाला. डिस्प्लेवर आकडा होता 255 व्होल्ट. 5 किलोवॅट म्हणजे सुमारे 22 अँपिअर. वीझलचा रोध किलोमीटरला साधारण 0.9 ओहम, जाणारी-येणारी तार मिळून 600 मीटर. गुणाकार केला की 12 व्होल्ट येतात. वीज घराकडून टीसीकडे ढकलली जाते तेव्हा हे 12 व्होल्ट घराच्या टोकाला वर चढतात. टीसीपाशी दुपारी आधीच 243 होते, कारण संध्याकाळी शेवटच्या घरात दिवा नीट लागावा म्हणून व्होल्टेज मुळातच थोडं वर ठेवलेलं असतं. आणि 230 च्या 110 टक्के, म्हणजे 253 ओलांडले की इन्व्हर्टरने 2 सेकंदांत ग्रिडपासून सुटलंच पाहिजे, असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा नियम आहे. इन्व्हर्टर नियमाप्रमाणेच वागत होता. तिथे थ्री फेजचं कनेक्शन होतंच, म्हणून थ्री फेज इन्व्हर्टर बसवला. तेवढीच वीज तीन तारांत सारखी वाटली गेली, न्यूट्रलमधून जवळपास काहीच जाईना, आणि व्होल्टेजची वाढ 2 व्होल्टवर आली. घराचं छप्पर तेच, पॅनल तेच, पण दुपारची वीज वाया जायची थांबली.

तुमच्या 500 किलोवॅटला हेच गणित 11 केव्हीवर लागू होतं, फक्त आकडे मोठे. त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी एजंट लोक सांगत नाहीत. शेताजवळची लाईन बहुधा पंपसेटचा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून फक्त पंपांसाठी निघालेली लाईन, असणार. आपल्या भागात गावठाणाचा आणि पंपांचा फीडर बऱ्याच ठिकाणी वेगळा केलाय, आणि पंपांच्या फीडरला थ्री फेज साधारण सात तास असतं, त्यातही काही तास रात्रीचे. फीडर बंद म्हणजे तुमचा प्रकल्पही बंद. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर बाहेरून वीज नसताना चालत नाही, चालू द्यायचाही नाही, कारण त्याच वेळी लाईनमन खांबावर असू शकतो. समजा दुपारी 12 ते 3 फीडर बंद राहिला, तर दिवसाची सगळ्यात चांगली कमाई गेली. म्हणून शेतातूनच टॅप मारायचा विचार सोडा आणि उपकेंद्राच्या 11 केव्ही बसपर्यंत (जिथून सगळे फीडर निघतात त्या सामाईक पट्टीपर्यंत) स्वतःची लाईन टाकायची तयारी ठेवा.

शेतकऱ्यांच्या सौरऊर्जेसाठीच्या केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेचा ‘अ’ घटक नेमका तुमच्यासारख्यांसाठी आखला होता: पडीक जमीन, 500 किलोवॅट ते 2 मेगावॅट, शक्यतो उपकेंद्रापासून 5 किलोमीटरच्या आत, आणि वीज कंपनीशी 25 वर्षांचा करार. पाच किलोमीटर हा आकडा कागदावर छोटा दिसतो. खांब, तार, वाटेतल्या शेतकऱ्यांच्या संमत्या, रस्ता ओलांडायची परवानगी हे सगळं धरलं की प्रत्येक किलोमीटर जाणवतो. माझा आपला ठोकताळा असा की 500 किलोवॅटला दोन किलोमीटरच्या पुढे लाईन टाकू नये. ट्रान्सफॉर्मर, ब्रेकर, रिले, मीटरिंगचा क्युबिकल आणि विद्युत निरीक्षकांची मंजुरी हा खर्च अर्धा मेगावॅट असो की दोन, फारसा बदलत नाही. शेजारच्या दोघातिघांचा माळ एकत्र करून मेगावॅटपर्यंत जाता आलं तर तेच करा.

वीज कंपनीलाच विकली पाहिजे असंही नाही. 2022 च्या हरित ऊर्जा ओपन अ‍ॅक्सेस नियमांनी (वीज कंपनीच्या तारा वापरून थेट ग्राहकाला वीज विकायच्या नियमांनी) ग्राहकाच्या मागणीची अट 1 मेगावॅटवरून 100 किलोवॅटवर आणली. बेळगावच्या उद्यमबागेतल्या बऱ्याच फाउंड्र्या त्यात बसतात. त्यांना उद्योगाचा दर भरावा लागतो, त्यामुळे तारा वापरायचा वहन आकार आणि अधिभार वजा जाऊनही बोलणी होऊ शकतात. मात्र तिथे ग्राहक दहा वर्षं टिकेल का, हे तुम्हालाच पारखावं लागेल.

पहिलं काम म्हणजे उपकेंद्रात जाऊन तीन गोष्टी विचारा: तुमच्या भागाच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरवर दुपारी भार किती असतो, आधी किती सौर प्रकल्पांना मंजुरी दिली आहे, आणि बसवर मोकळा बे (नवी लाईन जोडायची जागा) आहे का. बे नसेल तर तो बांधायचा खर्च तुमच्या अंगावर येऊ शकतो. उत्तर तोंडी घेऊ नका, अर्ज देऊन पोच घ्या. हे कळेपर्यंत कोणालाही अ‍ॅडव्हान्स देऊ नका आणि जमिनीचं बिगरशेतीही करू नका.

उत्तर नकारार्थी आलं तर घरावर आणि गोठ्यावर मिळून 10 किलोवॅटपर्यंतचा प्रकल्प पाहा. वीज ग्राहक हक्कांच्या नियमांत 2024 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर तेवढ्याला तांत्रिक व्यवहार्यतेचा अभ्यास लागत नाही, आणि 5 किलोवॅटपर्यंत तार किंवा टीसी सुधारायची गरज पडली तर तो खर्च वीज कंपनीने करायचा आहे. घरगुती कनेक्शनला छतावरच्या सौर प्रकल्पासाठी केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे. कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत तुमचं बिल आधीच शून्य येत असेल तर मात्र घाई करू नका, आधी वर्षभराची बिलं समोर ठेवून हिशोब मांडा. उपकेंद्राचं नाव आणि शेतापासूनचं अंतर इथे लिहिलंत तर लाईनच्या खर्चाचा अंदाज मी काढून देतो.