खड्ड्यात आदळल्यापासून गाडी डावीकडे ओढते. अलाइनमेंट सर्व्हिस सेंटरला करू, टायरवाल्याकडे की घरी?

तुम्ही लिहिलंय की गणपतीला गावी जाताना मुंबई-गोवा हायवेवर माणगावच्या पुढे डावं पुढचं चाक खड्ड्यात दणकून आदळलं आणि तेव्हापासून तुमची हॅचबॅक डावीकडे ओढतेय. सर्व्हिस सेंटरवाले अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि ‘कॅम्बर करेक्शन’ मिळून 2,800 रुपये सांगतायत, घराजवळचा टायरवाला थ्रीडी मशीनवर 500 मध्ये करतो म्हणतोय आणि मेहुणे म्हणतात दोरी बांधून अंगणातच होतं.

टायरवाल्याकडे जा, पण आधी घरी अर्धा तास द्या. मी सात वर्षं टायरच्या दुकानात अलाइनमेंटच्या पिटवर काम केलंय. ओढणाऱ्या कितीतरी गाड्यांना मशीनची गरजच नसते, हे रोज पाहिलंय.

सकाळी टायर थंड असताना चारही चाकांची हवा तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. डाव्या पुढच्या टायरमध्ये पाच-सहा पीएसआय कमी असेल तर गाडी डावीकडेच जाणार. मग त्याच टायरच्या आतल्या बाजूवरून, म्हणजे इंजिनाकडच्या भिंतीवरून, हात फिरवा. तिथे फुगा लागला तर आतले धागे तुटलेत, तो टायर बदलायचाच. आधी तो बदला, अलाइनमेंट नंतर. रिमची कड वाकलीय का तेही बघा.

हवा बरोबर आणि टायर धड असेल तर पुढचे दोन टायर डावे-उजवे अदलाबदल करून बघा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हे करू नका. अदलाबदलीनंतर गाडी उजवीकडे ओढू लागली तर दोष टायरचा. आणखी एक गोष्ट. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात आणि आपण डाव्या कडेने चालवतो, त्यामुळे हात सोडल्यावर गाडी हळूहळू डावीकडे सरकते ती त्या उतारामुळे. परीक्षा घ्यायची तर सपाट जागी घ्या.

आता मुख्य मुद्दा. अलाइनमेंटमध्ये तीन कोन मोजतात. टो म्हणजे वरून पाहिलं तर चाकं पुढच्या बाजूला एकमेकांकडे वळलीत की फाकलीत. कॅम्बर म्हणजे समोरून पाहिलं तर चाक वरच्या बाजूला आत किंवा बाहेर कललंय का. आणि कास्टर म्हणजे चाक ज्या रेषेभोवती वळतं ती रेषा बाजूने पाहिलं तर किती मागे झुकलीय. स्विफ्ट, आय-ट्वेंटी, टियागो अशा नेहमीच्या हॅचबॅकमध्ये कंपनीने फिरवण्याची सोय ठेवलेली असते ती फक्त पुढच्या टोला. टाय रॉडचा (स्टेअरिंगचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) लॉकनट ढिला करून रॉड फिरवायचा, बस. मागचा टॉर्शन बीम, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा, अख्खा एका तुकड्याचा असतो, तिथे फिरवायला काही नसतं.

आणि पुढचा टो बिघडला म्हणून गाडी सहसा ओढत नाही. चालताना दोन्ही चाकं तो फरक आपापसात वाटून घेतात; स्टेअरिंग वाकडं राहतं, टायर झिजतो, पण गाडी सरळ जाते. गाडी ओढते ती डाव्या-उजव्या चाकांच्या कास्टरमध्ये किंवा कॅम्बरमध्ये फरक पडला की. ज्या बाजूचा कास्टर कमी, त्या बाजूला ओढते. खड्ड्याची कड चाकाला मागे ढकलते, लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) किंचित वाकतो, त्या बाजूचा कास्टर कमी होतो. तुमच्या वर्णनावरून मला पहिला संशय तिथेच येतो. नुसता टो जुळवून हे ओढणं जाणार नाही.

म्हणून टायरवाल्याला सांगा, ‘आधी फक्त मोजा आणि रीडिंगचा प्रिंट द्या.’ थ्रीडी मशीन दोन मिनिटांत चारही चाकांचे कोन दाखवतं, शेजारी कंपनीची मर्यादाही असते; मर्यादेतला आकडा हिरवा, बाहेरचा लाल. डावा कास्टर किंवा कॅम्बर लाल दिसला तर काय वाकलंय ते शोधून तो भाग नवा टाकायचा आणि मगच टो जुळवायचा. सगळं हिरवं आणि फक्त टो लाल असेल तर 500 मध्ये काम झालं, पण मग ओढण्याचं कारण अजून शोधायचंय. डाव्या पुढच्या चाकाचा ब्रेक धरतोय का बघा: दहा किलोमीटर चालवून दोन्ही रिमजवळ हात न्या, एक जास्त गरम लागेल.

‘कॅम्बर करेक्शन’ या शब्दाबद्दल मी मनापासून सावध करतो. बऱ्याच ठिकाणी याचा अर्थ हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रट, म्हणजे चाकावरचा स्प्रिंग-शॉकअपचा खांब, वाकवणं. आकडा हिरवा होतो, पण खरोखर वाकलेला भाग तसाच राहतो आणि धड असलेला वाकडा होतो. मी हे करायला नकार द्यायचो. तुम्हीही द्या. तुमच्या गाडीचं रीडिंग न घेताच हे पॅकेजमध्ये घालत असतील तर ते घेऊ नका.

एक प्रसंग सांगतो, कारण तो माझ्या मनातून गेलेला नाही. एका शिक्षकांची वॅगन आर दोन महिन्यांत तीन वेळा अलाइन झाली होती, तिसऱ्यांदा मी केली होती. तीनशे किलोमीटरवर परत आले. या वेळी मी चाक जॅकवर उचललं, दोन्ही हातांनी डावी-उजवी कड धरून हलवलं, तर खट्, खट्. टाय रॉडच्या टोकाचा बॉल जॉइंट ढिला. काही शे रुपयांचा भाग. तोपर्यंत दोन टायर आतून खाल्ले गेले होते. तळहात नक्षीवर आतून बाहेर फिरवला की गुळगुळीत, उलटा फिरवला की करवतीसारखा टोचायचा. त्यानंतर मी चाक हलवल्याशिवाय एकही गाडी मशीनवर घेतली नाही. तुमचा टायरवाला हे करतो का ते बघा. न करता थेट चाकांना मशीनचे क्लॅम्प लावायला लागला तर दुसऱ्या दुकानात जा, मशीन कितीही महागडं असो.

बघण्यासारखं अजून थोडं आहे. क्लॅम्प लावल्यावर त्याने गाडी थोडी पुढे-मागे ढकलली पाहिजे, नाहीतर वाकड्या रिमची चूक रीडिंगमध्ये शिरते. टो फिरवण्याआधी स्टेअरिंग सरळ धरून लॉक केलं पाहिजे. शेवटी ‘आधी’ आणि ‘नंतर’ दोन्ही रीडिंग असलेला प्रिंट हातात आला पाहिजे. बॅलन्सिंग वेगळं काम आहे; 80-90 च्या वेगात स्टेअरिंग थरथरत असेल तरच ते याच्याशी जोडा.

मेहुणे चुकीचं सांगत नाहीत. सपाट फरशीवर गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोरी ताणून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं अंतर मोजलं तर टो मिलिमीटरपर्यंत कळतो. माझे उस्ताद तसंच करायचे. पण कास्टर दोरीला दिसत नाही, आणि तुमचा प्रश्न बहुधा कास्टरचा आहे. टोमध्ये फरक किती बारीक असतो तेही लक्षात घ्या: एक चाक अंशाच्या फक्त दहाव्या भागाने तिरपं असलं तरी दर किलोमीटरला टायर जवळपास पावणेदोन मीटर आडवा घासला जातो. दहा हजार किलोमीटरमध्ये साडेसतरा किलोमीटर.

सर्व्हिस सेंटरला जायचं ते दोन कारणांसाठी: गाडी वॉरंटीत असेल आणि लोअर आर्म बदलायची वेळ आली, किंवा गाडीला ईएससी (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) वा लेन सांभाळणारा कॅमेरा असेल. अशा गाड्यांत अलाइनमेंटनंतर स्टेअरिंगच्या सेन्सरचं शून्य पुन्हा ठरवावं लागू शकतं आणि ते काम बहुतेकदा गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरशिवाय होत नाही.

प्रिंट मिळाला की त्याचा फोटो इथे टाका, आणि डाव्या पुढच्या टायरच्या आतल्या भिंतीचाही. कुठला भाग वाकलाय याचा अंदाज आकडे बघून सांगतो.