फॉरेस्टवाले, शाळा आणि आपलं गाव: वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या वेळी पत्रं जास्त करून बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून आलीत आणि बहुतेक सगळी वनखात्याबद्दलच आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न: ताई, मी खानापूर भागातल्या सरकारी मराठी शाळेत शिकवते. वनखात्याच्या सहलीला आमच्या मुलांना नेलेलं, व्यवस्था चांगली होती, जेवण पण दिलं, पण माहिती सगळी कन्नडमध्ये आणि ती पण भाषणासारखी, पोरं नुसती मान हलवत बसली. पुढच्या वर्षी नेऊ की नको असं झालंय.

उत्तर: न्याच हो बाई. सरकारी शाळेतल्या मुलांना जंगल दाखवायचं म्हणून कर्नाटक वनखात्याचा 'चिन्नर वनदर्शन' हा कार्यक्रम आहे, तो फुकट वाया घालवू नका. फक्त पत्र लवकर द्या. शाळा सुरू झाली की जून-जुलैतच हेडमास्तरांच्या सहीने तुमच्या रेंजच्या आरएफओंना (रेंज फॉरेस्ट ऑफिसर, म्हणजे आपल्या भागाचे वनअधिकारी) पत्र द्यायचं, एक कॉपी बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) ऑफिसला. पत्र कन्नडमध्येच लिहा, काम पटकन होतं, आणि त्यात दोन गोष्टी स्पष्ट मागा. पहिली, आमची शाळा मराठी माध्यमाची आहे तर मराठी बोलणारा माणूस सोबत द्या. दुसरी, त्या बीटचा, म्हणजे जंगलाच्या त्या भागाचा, वॉचर (राखणदार) आमच्याबरोबर चालू दे. खानापूरच्या जंगलात काम करणारे कितीतरी वॉचर आपल्याच वाडीवस्तीतले, घरी मराठी नाहीतर कोकणी बोलणारे आहेत, गवा कुठल्या पाणवठ्यावर येतो, अस्वलाने वारूळ कसं उकरलंय हे त्यांना तोंडपाठ असतं पण साहेब उभे असले की ते मागे उभे राहतात, त्यांना पुढे बोलवायला लागतं. मुलांना कन्नड आलंच पाहिजे, त्यात वाद नाही, पण जंगलाची गोडी पहिल्यांदा घरच्या बोलीतच लागते असं मला वाटतं, नंतर तीच माहिती कन्नडमध्ये वाचायला पोरं आपणहून तयार होतात.

आणि जायच्या आधी वर्गात थोडी तयारी करा. भीमगड अभयारण्य जाहीर झालं डिसेंबर २०११ मध्ये, १९० चौरस किलोमीटरचं, आपल्या उंबऱ्यावर आहे आणि आपल्या मुलांना त्यातलं काय माहीत असतं, तर किल्ला. किल्ला माहीत हवाच. पण तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांतलं वटवाघूळ किती जणांना माहीत आहे सांगा. इंग्रजीत त्याला रॉटन्स फ्री-टेल्ड बॅट म्हणतात, १९१३ साली याच गुहांतून त्याची जगाला ओळख झाली आणि पुढे कित्येक दशकं जगात दुसरीकडे कुठंच सापडलं नव्हतं, मेघालय आणि कंबोडियात मिळालं ते फार नंतर. जगभरातले अभ्यासक खानापूरचं नाव या वटवाघळामुळे ओळखतात आणि आमची मुलं पुस्तकातला पेंग्विन पाठ करतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. गुहेत मुलांना नेऊ नका मात्र, तिथं परवानगी लागते आणि वटवाघळांना त्रास होतो, वर्गातच फोटो दाखवा. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, तेच पाणी पुढे सौंदत्तीच्या नविलुतीर्थ धरणात जातं, हा नकाशा फळ्यावर काढला तरी जंगल कशाला राखायचं ते वेगळं सांगायची गरज नाही.

सहल नाहीच मिळाली तर २ ते ८ ऑक्टोबर वन्यजीव सप्ताह असतो, तेव्हा गार्डना शाळेत बोलवा. त्या आठवड्यात त्यांना पण कार्यक्रम करायचेच असतात, ते बहुतेक नाही म्हणणार नाहीत.

प्रश्न: हत्ती येऊलालेत ताई, भात तुडवून गेले. आणि फॉरेस्टवाल्यांची जागृती सभा कधी झाली तर सगळं नुकसान झाल्यावर, ती पण दुपारी बाराला! तेव्हा गावात म्हातारी माणसं सोडून कोण असतंय? (जांबोटी बाजूचा शेतकरी)

उत्तर: भाऊ तुमचा राग बरोबर आहे. दांडेली-हल्याळच्या बाजूने हत्ती आपल्याकडे उतरतात ते भात पोटरीला आल्यावर आणि ऊस तयार असताना, म्हणजे सभा व्हायला हवी त्याच्या आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि रात्री जेवणं झाल्यावर देवळात. हे खात्याला आपणच सांगायला लागतं. ग्रामपंचायतीचा ठराव करून आरएफओंना द्या, तारीख आणि वेळ तुम्हीच सुचवा. बायकांना पण बोलवा, पहाटे गोठ्यात आणि पाण्याला त्याच जातात.

सभेत भाषण नको, कामाचं विचारा. हत्ती दिसला की फोन कुणाला करायचा, तो नंबर शाळेच्या भिंतीवर रंगवून मागा. खात्याची हेल्पलाईन १९२६ आहे ती सगळ्यांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करा. नुकसान झालं तर पंचनामा व्हायच्या आधी शेत साफ करू नका, फोटो काढा, उतारा, आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स तयार ठेवा, भरपाईचा अर्ज आता कॉम्प्युटरवर चढतो पण सुरुवात रेंज ऑफिसातूनच होते. रात्री हत्तीच्या मागे पोरं मोबाईलचा फ्लॅश मारत पळतात ते घरच्यांनीच थांबवायला हवं, पिल्लू असलेली हत्तीण अंगावर येते तेव्हा पळायला जागा मिळत नाही.

आणि एक हात जोडून सांगते, कुंपणाच्या तारेत लाईटचा करंट सोडू नका. तालुक्यात अशाने हत्ती मेलेत, माणसं पण मरतात, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली जो गुन्हा लागतो तो सरळ जेलमध्ये नेतो. सोलरचं कुंपण वेगळं, त्याचा झटका बसतो पण जीव जात नाही, ते कसं मिळेल हे त्याच सभेत विचारा.

प्रश्न: माझे मिस्टर फॉरेस्टमध्ये रोजंदारीवर वॉचर आहेत, खूप वर्षं झाली. उन्हाळ्यात वणवा विझवायला जातात, पायात साधी चप्पल, हातात झाडाची डहाळी. मोठ्या साहेबांना ट्रेनिंगला पाठवतात, यांना कधी कोणी काही शिकवलं नाही. फेब्रुवारी ते मे मला रात्री झोप लागत नाही. कुणाला सांगू?

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. या महिन्यातलं सगळ्यात महत्त्वाचं पत्र हेच आहे.

खात्यात शिकवायची व्यवस्था नाही असं नाही. आयएफएस (भारतीय वन सेवा) अधिकारी डेहराडूनला शिकतात, आपल्या शेजारी धारवाडला गुंगरगट्टीत राज्याची फॉरेस्ट अकॅडमी आहे, हल्याळ तालुक्यात तट्टीहळ्ळला गार्डचं ट्रेनिंग सेंटर आहे. पण ही शिडी वरून खाली येते आणि शेवटच्या पायरीला, म्हणजे रोजंदारीच्या माणसाला, पोहोचेपर्यंत बहुतेक वेळा संपते. आणि आगीसमोर पहिला तोच उभा असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये हासन जिल्ह्यात सकलेशपूरकडे वणवा विझवताना एका फॉरेस्ट गार्डचा जीव गेला, आणि तो तर पर्मनंट माणूस होता.

वॉचरला काय शिकवायला हवं ते काही अवघड नाही. आग चढावर जोरात धावते म्हणून डोंगराच्या वरच्या बाजूला उभं राहून विझवायची नाही. वारा फिरायच्या आधीच परतायची वाट बघून ठेवायची. एकट्याने जायचं नाही, जळून गेलेली जागा मागे ठेवायची म्हणजे संकटात तिथं सरकता येतं. समोरून आग लावून मूळ आग मारायची ती फक्त अनुभवी माणूस सोबत असेल तेव्हा. सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, नायलॉन अजिबात नको, ते अंगाला चिकटतं. जाड तळाचे बूट, पाणी, ओला रुमाल. साप चावला तर चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही, पाय हलू न देता सरळ दवाखाना. एवढं ट्रेनिंग दोन दिवसांत, रेंज ऑफिसच्या आवारात, मराठीत होऊ शकतं. फायर लाईन (आग पसरू नये म्हणून साफ केलेला पट्टा) काढायचं काम सुरू व्हायच्या आधी जानेवारीत ते द्या असं सगळ्या वॉचरनी मिळून लेखी मागावं, एकट्या मिस्टरांनी नको, एकट्याचं नाव लक्षात राहतं. अर्ज आरएफओंना, कॉपी बेळगावला डीएफओंना (आरएफओंच्या वरचे वनअधिकारी), पोच घ्या. गावात ग्राम अरण्य समिती (गावकरी आणि वनखात्याची मिळून केलेली) असेल तर त्यांचा ठराव जोडा.

दुसरं, ते एजन्सीमार्फत आहेत का खात्याकडून थेट, हे नीट विचारून घ्या. एजन्सीमार्फत असतील तर पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) कापतात का, खात्यात भरतात का ते तपासा. कामावर असताना दुखापत झाली तर रोजंदारीवाल्याला पण भरपाई मागायचा हक्क आहे, कर्मचारी भरपाई कायद्याने तो १९२३ पासून दिलाय, त्यात ट्रेनिंग झालं का नाही हे बघत नाहीत. हजेरीची नोंद, मस्टरचा (हजेरीपटाचा) फोटो, पगाराचा मेसेज जपून ठेवा. बूट मिळेपर्यंत थांबू नका, हे मला लिहायला पण आवडत नाही, पण या उन्हाळ्याला घरचे पैसे घालून घ्या.

आणि बाकी वाचकांना सांगते, वणवा बहुतेक माणसानेच लावलेला असतो. नवं गवत यावं म्हणून, काजूखालचा पाला साफ व्हावा म्हणून, मधासाठी. काडी ओढताना या ताईंचे मिस्टर आठवा.

प्रश्न: बारावी झाली, गार्ड व्हायचंय. मराठी मीडियमवाल्याला जमेल का?

उत्तर: जमेल. कर्नाटकात आता गार्डला बीट फॉरेस्ट ऑफिसर म्हणतात आणि बारावीवर भरती निघते, वॉचरची दहावीवर. पळायचा सराव आजपासून, आणि कन्नड लिहायला-वाचायला शिकायचंच, त्याच्याशिवाय या राज्यात सरकारी नोकरी नाही, आणि नोकरी लागल्यावर रिपोर्ट पण कन्नडमध्येच लिहायचा असतो. घरात शिकायची ऐपत असेल तर सिरसीला धारवाड कृषी विद्यापीठाचं फॉरेस्ट्री कॉलेज आहे, बीएस्सी करून आरएफओच्या परीक्षेला बसता येतं. भरतीसाठी पैसे मागणाऱ्या एजंटला दारात उभं करू नकोस बाळा.

प्रश्न: २०२२ मध्ये बेळगावात बिबट्या आलेला तसा परत आला तर? (जाधवनगर)

उत्तर: ऑगस्ट २०२२ मध्ये गोल्फ कोर्सच्या आसपासच्या शाळा किती दिवस बंद होत्या, शिवमोग्ग्याजवळच्या सक्रेबैल छावणीचे पाळीव हत्ती आणले, तरी तो हाती लागला नाही. तेव्हा सगळ्यात जास्त त्रास दिला तो व्हॉट्सअपवरच्या खोट्या व्हिडिओंनी. बघायला गर्दी करू नका, फॉरवर्ड करू नका, १९२६ ला फोन करा, लहान मुलं संध्याकाळी एकटी सोडू नका.

प्रश्न: रोपं लावल्यावर खातं पैसे देतं म्हणतात, खरं का?

उत्तर: खरं आहे, कृषी अरण्य प्रोत्साह योजना, २०११-१२ पासून चालू आहे. नर्सरीतून कमी दरात रोपं घ्यायची, आपल्या शेतात लावायची, जगलेल्या प्रत्येक रोपामागे पहिल्या वर्षी ३५, दुसऱ्या वर्षी ४०, तिसऱ्या वर्षी ५० रुपये. मेलेल्याचे नाहीत, मोजायला माणूस येतो. हेक्टरी ४०० रोपांपर्यंतच. नीलगिरी, अकेशिया, सुरू, सिल्व्हर ओक, नारळ, सुपारी, कलमी आंबा यांना हे पैसे मिळत नाहीत, बरेच जण इथंच फसतात. पावसाच्या आधी उतारा घेऊन रेंज ऑफिसात नाव नोंदवा, रोपं नेताना पावती मागून घ्या.