गुरगुरतोय, तर गुरगुरू द्या

(पाळीव कुत्र्यांचं शिक्षण : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं)

प्रश्न : ताई, आमचा जर्मन शेफर्ड दोन वर्षांचा आहे. जेवताना कुणी जवळ गेलं की गुरगुरायचा, म्हणून एका ट्रेनरना बोलावलं. ते म्हणाले, ‘हा तुम्हाला मानत नाही, घरात हाच राजा झालाय.’ त्यांनी त्याला उताणं पाडून गळ्याशी दाबून धरलं आणि तो निपचित होईपर्यंत सोडलं नाही. आम्हालाही तसंच करायला शिकवलं, चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) घ्यायला लावली. गुरगुरणं खरंच थांबलं. पण गेल्या आठवड्यात माझा नऊ वर्षांचा मुलगा भांड्याशेजारचा चेंडू उचलायला वाकला आणि कुत्र्याने आवाजही न करता त्याच्या मनगटाला चावा घेतला. सासरे म्हणतात, देऊन टाका. मुलगा म्हणतो, नको. काय करू?
— एक आई, नाशिक

उत्तर : आधी मुलाचं बोलू. कुत्र्याचा दात लागला की जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. कुत्र्याची लस झालेली असली तरी जायचं. रेबीजची इंजेक्शनं द्यायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील, आपण नाही. जखमेवर हळद, चुना, तिखट काहीही लावायचं नाही. तुमच्या पत्रात डॉक्टरांचा उल्लेख नाही. दाखवलं नसेल तर हे वाचून होताच निघा.

आता कुत्र्याकडे येते. तो गुरगुरत होता तेव्हा तुम्हाला स्पष्ट सांगत होता की, मला धास्ती वाटते, माझं खाणं जाईल, जरा लांब थांबा. कुत्र्याजवळ याहून सभ्य इशारा नाही. ट्रेनरनी इशारा बंद केला. धास्ती मात्र तशीच राहिली, उलट वाढली, कारण आता जेवताना माणूस जवळ आला की आपल्याला पाडतात, गळा दाबतात, हेही तो शिकला. मुलगा वाकला तेव्हा सांगण्याचा रस्ता बंद होता, म्हणून तो थेट चावला. कुत्रा गुरगुरला म्हणून त्याला मारू नका, हे मी भेटेल त्या प्रत्येक कुटुंबाला सांगते, ते याचसाठी.

‘घरात तोच राजा’ ही कल्पना कुठून आली, तेही सांगते, कारण ती अजून गल्लोगल्ली विकली जाते. रुडॉल्फ शेंकेल या संशोधकाने बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचं निरीक्षण केलं आणि ते 1947 मध्ये प्रसिद्ध केलं. त्या बंद जागेत लांडगे वरचढपणासाठी झगडताना दिसले. तिथून ‘अल्फा’, म्हणजे कळपावर हुकूम चालवणारा, लांडगा आला आणि पुढे कुत्र्यांच्या शिक्षणातही शिरला. डेव्हिड मीच (Mech) या अमेरिकन लांडगा-संशोधकाच्या 1970 च्या पुस्तकाने ती कल्पना जगभर नेली. पण त्याच संशोधकाने नंतर कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समिअर बेटावर, रानातले लांडगे अनेक उन्हाळे जवळून पाहिले आणि 1999 मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब असतं : आई, वडील आणि त्यांची पिल्लं. ज्यांनी ही कल्पना पसरवली, त्यांनीच ती मागे घेतली. आणि तुमच्या घरात लांडगा नाही, कुत्रा आहे.

पाडण्या-दाबण्याचे परिणामही अभ्यासले गेले आहेत. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी 2009 मध्ये कुत्र्यांच्या मालकांची पाहणी प्रसिद्ध केली. मारणं, उताणं पाडून दाबणं, डोळे रोखून बघणं अशा उपायांनंतर कुत्रा मालकावरच उलटला, असं सांगणारे मालक त्यात थोडेथोडके नव्हते. पोर्तुगालमध्ये 92 कुत्र्यांवर झालेला अभ्यास 2020 मध्ये आला. ज्या शाळांमध्ये हिसके आणि ओरडा जास्त, तिथल्या कुत्र्यांच्या लाळेत शिकवणीनंतर कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, जास्त वाढलेलं आढळलं. बक्षिसावर शिकवणाऱ्या शाळांमधली कुत्री निवांत होती.

तुम्ही काय करायचं? पहिले काही आठवडे शिकवणं नकोच, फक्त बंदोबस्त. कुत्र्याचं जेवण वेगळ्या खोलीत, दार लावून. तो खोलीबाहेर आल्यावरच भांडं उचलायचं. चोक चेन काढून टाका. मुलाने जेवणाच्या वेळी त्या बाजूला फिरकायचं नाही. पुढचा सरावही फक्त मोठ्यांनी करायचा. मुलाला हे नीट समजावून सांगा. चावा त्याच्या चुकीमुळे झाला असं त्याला वाटता कामा नये.

दरम्यान डॉक्टरांकडून कुत्र्याचे दात, कान आणि कंबर तपासून घ्या. शेफर्डमध्ये खुब्याचा त्रास बराच आढळतो आणि ज्याला दुखतंय त्याची सहनशक्ती लवकर संपते.

मग सराव. भांड्यात रोजचे साधे दाणे ठेवा. तो आरामात खात राहील इतक्या अंतरावर, दहा फुटांवर म्हणा, उभं राहा. उकडलेल्या चिकनचा तुकडा भांड्याजवळ पडेल असा टाका आणि पाठ फिरवून निघून जा. निघून जाणं महत्त्वाचं आहे. माणूस येतो, चांगलं काहीतरी देतो आणि काही न हिरावता जातो, हे त्याला पुन्हा पुन्हा दिसलं पाहिजे. तुम्हाला पाहून तो मान वर करून, अंग सैल सोडून वाट बघायला लागला की मगच एक पाऊल जवळ. खाण्याचा वेग वाढला, अंग ताठलं, मान भांड्यावर झुकली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला, तर तुम्ही फार जवळ आलात. मागे जा. आणि या काळात तो गुरगुरला तर मला आनंदच होईल : इशारा परत आला. तुम्ही तेवढं लांब व्हा.

‘सवय व्हावी म्हणून त्याच्या भांड्यात हात घाला,’ असं कुणी सांगेल. घालू नका.

चावा झालेला आहे, म्हणून हे एकट्याने करू नका, जाणकार सोबत हवा. ट्रेनरची पाटी कुणीही लावू शकतो, तेव्हा फोनवरच विचारा, ‘माझा कुत्रा चुकला तर तुम्ही त्याला नेमकं काय करता?’ उत्तरात हिसका, चेन, पाडणं आलं किंवा ‘ते तुम्ही माझ्यावर सोडा’ असं आलं, तर फोन ठेवा. सासऱ्यांची काळजी रास्त आहे, त्यांना हा बंदोबस्त दाखवा. शेवटी देण्याचीच वेळ आली, तर नेणाऱ्याला चाव्याची गोष्ट सांगा.

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे. घरी वर्षभराची गावठी कुत्री आहे. बिस्कीट दिसलं की लगेच बसते, हात रिकामा असला की ढुंकून पाहत नाही. खाऊ देऊन शिकवणं म्हणजे लाच नव्हे काय? आणि असं किती दिवस द्यायचं?
— रत्नागिरी

उत्तर : सर, कुत्री हुशार आहे. हातात बिस्कीट असणं हीच बसण्याची खूण आहे, असं ती शिकली. क्रम उलटा करा. खाऊ वाटीत घालून फळीवर ठेवा. रिकाम्या हाताने तीच खूण करा आणि ‘बस’ म्हणा. बूड जमिनीला टेकलं, त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणा आणि मग वाटीकडे वळा. आधी काम, मग मोबदला.

तो ‘शाब्बास’ नेमक्या क्षणी पडायला हवा. चार-पाच सेकंद उशीर झाला तर तोवर ती उठलेली असते आणि उठण्याचं बक्षीस तिला मिळतं. म्हणूनच काही लोक क्लिकर वापरतात, दाबला की टक् वाजणारी छोटी डबी. खुणेचा आवाज आधी, खाऊ मागून, ही पद्धत मॅरियन आणि केलर ब्रेलँड या अमेरिकन जोडप्याने 1940 च्या दशकात रुजवली. दोघेही मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचे विद्यार्थी. घरी डबीची गरज नाही, एक ठरलेला शब्द पुरतो.

किती दिवस? नवी गोष्ट शिकताना दर वेळी. पक्की झाली की कधी खाऊ, कधी पाठीवर हात, कधी फाटक उघडून बाहेर सोडणं. तुमच्याकडे समुद्र आहे. वाळूत धावायला मिळणं हे तिच्यासाठी बिस्किटाहून मोठं असेल. पण हाक मारल्यावर परत येणं, याचा मोबदला मी कधीच बंद करत नाही. माझी कुत्री सुंठ पुण्याच्या वेताळ टेकडीवर लांब दोरीला बांधलेली असते. मोर दिसल्यावर त्याच्याकडे पाठ करून ती माझ्याकडे येते, तेव्हा तिला उकडलेली कलेजी मिळते, आजही. तिने केलेलं काम तेवढं अवघड आहे.

तुकडे मात्र वाटाण्याएवढे करा आणि गोड बिस्किटं कमी करा. दिवसभरातला खाऊ एकूण आहाराच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त होऊ देऊ नका.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. आमचा पग बेदाण्यासाठी काहीही करतो, घरचाच माल आहे. बक्षीस म्हणून चालेल ना?
— तासगाव

उत्तर : नाही. आजपासून एकही नको. द्राक्षं, बेदाणे, मनुका यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. किती खाल्ल्यावर, याचा भरवसा नसतो. एकाला मूठभर खाऊन काही होत नाही, दुसऱ्याला थोडक्यात होतं. तुमच्याकडे रॅकवर, अंगणात, पोत्यांत सगळीकडे माल असतो, म्हणून जास्त जपा. बेसनाच्या लाडवातला, शिऱ्यातला बेदाणाही त्यात आला. चुकून खाल्ले तर उलटीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे न्या. कांदा, लसूण, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं शुगर-फ्री च्युइंगगमही वर्ज्य.

त्याऐवजी पनीरचे बारीक तुकडे, उकडलेलं रताळं, गाजर, काकडी. पग चटकन सुटतो, त्यामुळे काकडी तुमच्या कामाची. पनीर अवघड धड्यांसाठी राखून ठेवा.

प्रश्न : सात महिन्यांचा लॅब्रेडोर दार उघडताच अंगावर उड्या मारतो. सासूबाई परवा पडता पडता वाचल्या. सोसायटीतले एक काका म्हणतात, छातीत गुडघा घाला.
— डोंबिवली

उत्तर : गुडघा नको. त्याला इजा होईल आणि माणसांच्या येण्याचीच तो धास्ती घेईल. उडी मारल्यावर त्याला काय मिळतं, ते पाहा. कुणी ‘अरे अरे’ म्हणतं, कुणी हाताने ढकलतं, कुणी हसतं. त्याच्या दृष्टीने हे सगळं लक्षच आहे आणि लक्षच त्याला हवंय.

बेल वाजली की आधी त्याला पट्टा लावा, मग दार. सासूबाई आत येऊन बसेपर्यंत पट्टा दुसऱ्या कुणाच्या हातात. चारही पाय जमिनीवर आहेत तेवढ्यात खाऊ जमिनीवरच टाका, हातातून वर धरून देऊ नका. तो खाली हुंगत असताना माणूस आत येतो. उडी आली की पाठ फिरवायची, बोलायचं नाही, हात लावायचा नाही. सुरुवातीला उड्या वाढतील, कारण कालपर्यंत चालणारी युक्ती आज का चालत नाही, हे तो अजून जोर लावून तपासतो. तिथेच बहुतेक घरं हार मानतात. तुम्ही मानू नका आणि घरातल्या प्रत्येकाने एकच नियम पाळा. ‘असू दे, मला आवडतं’ म्हणणारा एक जण असला तरी सगळी मेहनत वाया जाते.

प्रश्न : रस्त्यावरून आणलेली आमची कुत्री दिवाळीत पलंगाखाली थरथरत बसते. शेजारी म्हणतात, जवळ घेऊ नका, भीती अजून वाढेल. काय खरं?
— ठाणे

उत्तर : जवळ घ्या. तिला हवं असेल तर मांडीवर घ्या, पलंगाखालीच राहायचं असेल तर तिथे गोधडी टाका आणि शेजारी बसा. भीती ही भावना आहे, ती कुरवाळल्याने पक्की होत नाही. प्रत्येक धमाक्यानंतर तिच्या आवडीचं काही देत राहा, खात असेल तर. खात नसेल तर ती फार घाबरलेली आहे, आग्रह करू नका.

खरी तयारी आत्ता, फटाके नसताना करायची. मोबाइलवर फटाक्यांचा आवाज इतका हळू लावा की तिचा फक्त कान हलेल. आवाज, लगेच पनीर. आवाज थांबला, पनीर थांबलं. दोन-तीन मिनिटं पुरे. ती बेफिकीर राहिली तरच दुसऱ्या दिवशी आवाज किंचित वाढवा. तिने खाणं सोडलं की तुम्ही घाई केलीत, आवाज पुन्हा कमी. याला आठवडे लागतात, म्हणून वसुबारसेला सुरू करून उपयोग नाही.

इतकं करूनही ती थरथरत असेल, तर दिवाळीच्या बऱ्याच आधी डॉक्टरांशी औषधाबद्दल बोला. भीती कमी करणारी चांगली औषधं आहेत आणि ती देण्यात कमीपणा नाही. माणसांच्या झोपेच्या गोळ्या मात्र स्वतःहून कधीच देऊ नका. त्या दिवसांत फिरायला अंधार पडण्याआधी न्या, गळ्यातल्या पट्ट्यासोबत हार्नेसही (छातीभोवती बांधायचा पट्टा) घाला आणि गळ्यात फोन नंबरची पट्टी असू द्या. धमाक्याला बिथरून पट्ट्यातून मान काढून पळालेली कुत्री दर दिवाळीत हरवतात.