घरात दीर्घ आजारपण असताना चित्रकला कशी चालू ठेवावी?

आई अंथरुणाला खिळल्यापासून ब्रश हातात धरवत नाही, आणि दुःखातूनच कला फुलते म्हणत मैत्रिणी डच चित्रकार व्हॅन गॉगचा दाखला देतात, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना सांगा, व्हॅन गॉगला थिओ होता. धाकटा भाऊ. नियमित पैसे पाठवायचा, रंग आणि कॅनव्हासही. 1889 मध्ये फ्रान्समधल्या सेंट रेमीच्या मनोरुग्णालयात त्याने ढीगभर चित्रं केली हे खरं. पण आजाराचा झटका आला की काम बंद पडायचं, उतार पडला की पुन्हा सुरू. वेदनेने त्याला काय हातभार लावला ते मला तरी दिसत नाही. लावला तो थिओने.

मी तावातावाने लिहितेय, कारण हा वाद आमच्या घरात झालाय.

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. अण्णांना, माझ्या वडिलांना, पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. त्याआधी रविवारी पहाटे गोदाघाटावर जाऊन ऑन द स्पॉट, म्हणजे जागेवरच बसून चित्र करायचं हा माझा नेम होता. चित्रकार शिवाजी तुपे सरांच्या गावात जलरंगवाल्याला घाट चुकत नाही. तो नेम सुटला. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. नळीतून भरवायचं, चादरी बदलायच्या, व्यायाम करून घ्यायचे.

मग मी जलरंगाच्या कागदाची फुल शीट कापून सोळा तुकडे केले. साडेपाच बाय साडेसात इंच. एवढ्याशा कागदाला एक वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, द्यायचा, अण्णांची कूस बदलून येईतो तो वाळलेला. रंग तीनच: अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर. पहिल्या दोघांतून घाटावरच्या काळ्या दगडाचा करडा झकास निघतो, पण समोर घाट कुठला! समोर गोळ्यांच्या पट्ट्या, सलाइनचा स्टँड, उशीचा अभ्रा. तेच काढलं. पावसाळ्यात कागद वाळता वाळत नाही, तेव्हा नुसती पेन्सिल.

दादा पुण्याहून अधूनमधून यायचा. गोळ्यांच्या पट्ट्यांचं चित्र पाहून म्हणाला, "अण्णा असे पडलेत आणि तुला चित्रं सुचतात?" पुढच्या खेपेला पाहुण्यांसमोर तोच म्हणाला, "कलाकाराला दुःख पोषकच असतं." वहिनी समोर होत्या म्हणून मी गप्प बसले. आता सांगते. सुचत काही नव्हतं, रेटत होते. दिवसभरात तेवढी एकच गोष्ट औषधांच्या वेळापत्रकाबाहेरची होती. आणि दुःख एवढं पोषक असेल तर दादाने अर्धं पुण्याला न्यावं, तो गातो की चांगला!

घाट परत मिळाला तो शेजारच्या काकूंमुळे. "तू जा गंगेवर, मी इथे पेपर वाचत बसते," म्हणाल्या. गंगा म्हणजे आमची गोदावरीच. रविवारी सकाळचे दोन तास. पहिल्या दिवशी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीचं चित्र पार बिघडलं, हाताची सवय सुटली होती. तरी मी शीळ घालत घरी आले.

तेव्हा प्रेरणा शोधू नका, माणूस शोधा. सख्ख्यांकडे आधी मागा, स्पष्ट तोंड उघडून मागा. आजाऱ्याजवळ बसणं हे काम आहे, त्याची वाटणी मागण्यात लाज कसली? नाही म्हणाले तर शेजारी.

रोज किती वेळ द्यावा, हे विचारलंय. रोजचं व्रत घेऊ नका, चुकलं की उगाच अपराधी वाटतं. प्रदर्शनाचा विचार सध्या डोक्यातून काढा.

एक मात्र आहे. अण्णा सरकारी नोकरीतले, पेन्शन चालू होती, म्हणून मला नोकरी सोडून घरी राहणं परवडलं. तुमचं तसं नसेल तर यातलं निम्मं तुम्हाला लागू नाही. झोप लागत नाही, सारखं रडू येतं असंही लिहिलंय, ते आधी डॉक्टरांना सांगा, जलरंगाने ते जायचं नाही. आणि ऑइल करत असाल तर आईच्या खोलीत टर्पेंटाइन उघडू नका, खोकल्याने त्या बेजार होतील.