डीएनएचे बेस जीसी-एमएसवर बघायचे तर सिलिलेशन कमी तापमानात कर

ग्वानिन (डीएनएचा एक बेस) जीसी-एमएसमध्ये, म्हणजे नमुन्याची वाफ करून रेणू वेगळे करणाऱ्या आणि त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात, तसंच इंजेक्ट केलंस तर काही दिसणार नाही; त्याची वाफच होत नाही. एनएच आणि ओएचमधल्या हायड्रोजनच्या जागी ट्रायमिथाइलसिलिल बसवावं लागतं (हेच सिलिलेशन), त्यासाठी १ टक्का टीएमसीएस (उत्प्रेरक) असलेलं बीएसटीएफए हे रसायन.

५० मायक्रोग्रॅम डीएनए घे, लेबल केलेलं (जड समस्थानिकांचं) इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठी माहीत प्रमाणातला पदार्थ, आधीच टाक. मग डीएनएतून बेस सुटे करायला ६० टक्के फॉर्मिक आम्ल, १४० अंश, अर्धा तास, नळी बंद. नंतर पूर्ण वाळव. पूर्ण म्हणजे पूर्णच! पाण्याचा थेंब राहिला की तो बीएसटीएफए खातो, पीक (आलेखातलं शिखर) बुटकं येतं. सोलापूरच्या मे महिन्यात हे सोपं, सप्टेंबरच्या पावसात बीएसटीएफएची बाटली उघडी ठेवू नकोस.

खरी गोची पुढे आहे. १२०-१३० अंशांवर हवेत सिलिलेशन केलं की शाबूत ग्वानिनचंच ऑक्सिडेशन होऊन ८-ऑक्सोग्वानिन तयार होतं, आणि तू ते पेशीतलं नुकसान समजतोस. स्टँडर्ड ही चूक पकडत नाही. म्हणून सिलिलेशन नायट्रोजनखाली, २३-२५ अंशांना, दोन तास, सोबत थोडं इथेनथायॉल (वास सहन कर, पण फ्यूम हूडमध्येच). आपल्याकडे उन्हाळ्यात ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे चाळीस, एसी लाव.

नुसतं शुद्ध ग्वानिन याच रीतीने चालवून बघ. m/z ४४०ला, म्हणजे सिलिलेशन झालेल्या ८-ऑक्सोग्वानिनच्या खुणेच्या वस्तुमानाला, पीक आलं, तर दोष पद्धतीत किंवा त्या ग्वानिनच्या बाटलीत. ‘वॅक्स’ प्रकारचा (पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा) पोलर कॉलम मात्र लावू नकोस, बीएसटीएफए तो खराब करतं.