पॉलिमर कमी घाल

सोलापूर

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. कार्बन नॅनोट्यूबचं, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचं, द्रावण शाईसारखं काळंभोर झालं, लॅबमधले सगळे खूश झाले, आणि त्या नळ्यांचा ट्रान्झिस्टर मात्र काही केल्या बंद होत नाही. त्यावर तू विचारतेस, नळ्या द्रावणात तरंगत्या ठेवणारं पॉलिमर अजून वाढवून बघू का? नको. उलट कर. पॉलिमर कमी घाल.

नुसता काळा रंग बघून काय कळणार? बाजारातून आलेल्या पुडीत साधारण तीन नळ्यांमागे एक धातूसारखी वाहते आणि दोन अर्धवाहक असतात. तुला अर्धवाहक तेवढ्याच हव्यात. शंभर नळ्यांमध्ये एक जरी धातूची राहिली, तरी गेटने, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू-बंद करणाऱ्या टोकाने, उरलेल्या नव्याण्णव बंद केल्यावर ती एकटी वाहतच राहते. मग चालू-बंद प्रवाहाचं गुणोत्तर शंभराच्या आसपास अडकतं. तुझी चूक मोजमापात नाही, बाटलीत आहे.

तुमच्या घरी माग आहेत, तेव्हा सायझिंग तुला मी शिकवायला नको. ताण्याच्या सुताला खळ कमी पडली तर ते मागावर तुटतं. जास्त झाली तर सूत काडीसारखं कडक होतं आणि पुढे ती खळ धुऊन काढताना नाकी नऊ येतात. पॉलिमर ही नळीची खळच समज. फरक इतकाच, की इथे ती मुद्दाम तोकडी ठेवायची. टोल्युइन या द्रावकात पॉलिफ्लुओरीन नावाचं पॉलिमर काही ठरावीक अर्धवाहक नळ्यांना चांगलं बिलगतं आणि त्या सुट्या तरंगत राहतात. धातूच्या नळ्या तिथे टिकत नाहीत, त्यांचे जुडगे होतात आणि तळाला बसतात. २००७ साली ऑक्सफर्डमध्ये रॉबिन निकोलस यांच्या गटाने हे दाखवलं, तेव्हापासून सगळ्यांचा भर टोल्युइनवर आहे. क्लोरोफॉर्म किंवा टीएचएफ असा दुसरा द्रावक घेतलास तर निवड बिघडते, म्हणून 'जास्त विरघळतं' या मोहात पडू नकोस. पॉलिमर भरपूर असलं की नको त्या नळ्यांनाही आणि अर्धवट सुटलेल्या जुडग्यांनाही पांघरूण मिळतं. मग तेही वर तरंगतात, आणि तुला वाटतं उत्पन्न वाढलं.

तू १० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅम पॉलिमर घातलंस. पुन्हा लिहितो: तीस! पाच घाल. कोमोकॅट पद्धतीने केलेल्या नळ्यांची पूड ४ मिलिग्रॅम आणि पीएफओ-बीपीवाय, म्हणजे पॉलिफ्लुओरीनच्या कुळातलंच पॉलिमर, ५ मिलिग्रॅम, इथून सुरुवात कर. मग पूड तितकीच ठेवून ३, ५ आणि ८ मिलिग्रॅम पॉलिमरच्या तीन बाटल्या लाव. बाकी काहीही बदलायचं नाही. पॉलिमर आधी ८० अंशांवर ढवळत पूर्ण विरघळव, थंड झाल्यावर द्रावण आरपार स्वच्छ दिसतंय का बघ, आणि मगच नळ्या घाल.

हीच जोडी का, तेही सांगतो. तिच्यातून जवळजवळ फक्त (६,५) या एकाच रचनेची अर्धवाहक नळी निघते आणि ती प्रकाश शोषते तो मुख्य पट्टा १,००० नॅनोमीटरच्या आसपास येतो. कॉलेजातले बरेच स्पेक्ट्रोफोटोमीटर (कुठला प्रकाश किती शोषला ते मोजणारी यंत्रं) १,१०० ला संपतात, त्यात हा पट्टा मावतो. विजेच्या ठिणगीने बनवलेल्या, आर्क पद्धतीच्या जाड नळ्या घेतल्यास तर त्यांचा पहिला पट्टा १,६०० च्याही पुढे. तो तुला दिसणारच नाही, आणि तू अंदाजावर अंदाज बांधत बसशील.

आता सोनिकेशनबद्दल, म्हणजे ध्वनिलहरींनी जुडगे सोडवण्याबद्दल. टिपवालं यंत्र ताकदीचं, पण ते जुडगे सोडवतं तसं नळ्याही तोडतं. बाथ सोनिकेटर पुरे, एक तास. आपल्याकडच्या मे महिन्यात बाथमधलं पाणी बघता बघता पन्नाशीला टेकतं, म्हणून बर्फ टाकत राहून २० अंशांजवळ धर. तापमान हललं की निवडही हलते, आणि मग तुझ्या तीन बाटल्यांची तुलना वाया जाते. टोल्युइन ४ अंशांनाच पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, तेव्हा हे सगळं फ्यूम हूडमध्येच कर.

आता सेंट्रिफ्यूज, जोरात फिरवून जुडगे तळाला बसवणारं यंत्र. पॉलिकार्बोनेटच्या नळकांड्या टोल्युइनमध्ये तडकतात, पॉलिस्टायरीनच्या तर विरघळतातच. एफईपी या टोल्युइनला टिकणाऱ्या प्लॅस्टिकच्या घे आणि समोरासमोरच्या जोड्या वजन करून लाव. स्पेक्ट्रमसाठी द्रावण धरायला स्वस्त प्लॅस्टिक क्युव्हेटही वापरू नकोस, काचेचं घे. प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत ६०,००० जी वर (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या साठ हजार पट) ४५ मिनिटं, दोनदा फिरवतात. तुझं यंत्र मिनिटाला १४,००० फेऱ्यांचं. रोटरची त्रिज्या १० सेंटीमीटर धरली तर ते साधारण २२,००० जी होतं. जी आणि वेळ यांचा गुणाकार सारखा ठेवायचा तर चार तास लागतील. तू वीस मिनिटं फिरवलंस! मध्येच वीज गेली तर राहिलेली मिनिटं जोडत बसू नकोस, पहिल्यापासून चार तास मोज. ब्रेक हळू लागेल असा ठेव. वरचं तीन चतुर्थांश द्रावण काचेच्या पिपेटने उचल. नळकांडी तिरकी करून ओतायची नाही. शेवटचे अडीच मिलिलिटर सोडताना जीव वर-खाली होतो हे मला ठाऊक आहे, तरी सोड.

मला लोक चिक्कू म्हणतात. म्हणू देत. उत्पन्नामागे धावण्यात किती वर्षं जातात याचा हिशोब माझ्याजवळ आहे, तो तुला देत नाही. पाच मिलिग्रॅमचा आकडा तेवढा घे.

स्पेक्ट्रम घेताना समोर कोरं टोल्युइन ठेव. १,००० चा पट्टा, ५७५ जवळचा त्याचा धाकटा भाऊ आणि ३६० जवळचं पॉलिमर, तिन्ही एकाच आलेखात आण. ४०० ते ५०० च्या मधली जमीन वर उचललेली दिसली तर धातूच्या नळ्या किंवा जुडगे राहिलेत. हे बघून ९९ टक्क्यांपर्यंतचं बोलता येतं. त्यापुढे शोषण आंधळं होतं, तिथे वेगवेगळ्या लेझरवरचं रामन (विखुरलेल्या प्रकाशावरून नळ्या ओळखणारं मोजमाप) आणि शेवटी बरेच ट्रान्झिस्टर मोजणं आलं. एकाच लेझरच्या जोरावर 'शुद्ध' हा शब्द लिहू नकोस, कारण त्या लेझरला न जुळणाऱ्या नळ्या तिथे दिसतच नाहीत.

उरलेली खळ, म्हणजे जादा पॉलिमर, काढायला ०.१ मायक्रोमीटर छिद्रांच्या पीटीएफई (टेफ्लॉन) पडद्यावर गाळ, ८० अंशांच्या टोल्युइनमध्ये दहा मिनिटं बुडव, असं तीनदा. पडदा कोरडा पडू देऊ नकोस, वाळलेला थर पुन्हा नीट सुटत नाही. लगेच ताज्या टोल्युइनमध्ये अर्धा तास बाथ. ३६० चा डोंगर बसला पाहिजे. आणि बघ, सुरुवातीला पॉलिमर कमी घातलं असतं तर हे धुणंही अर्ध्यावर आलं असतं.

आता राग येईल असा प्रश्न: तळाचा गाळ फेकलास का? त्यात अजून पुष्कळ अर्धवाहक नळ्या आहेत. त्यावर पॉलिमरचं ताजं द्रावण घालून पुन्हा सोनिकेट केलं की दुसरी, कधी तिसरी फेरीही निघते. उत्पन्न हवंय ना? ते असं फेऱ्यांनी घ्यायचं, एकाच बाटलीत पॉलिमर ओतून नाही. प्रत्येक फेरीतही तेवढंच: पाच.

रविवारी ये. स्क्रीनचा फोटो नको, आकड्यांची फाइल आण, ३०० ते १,१०० पूर्ण. गाळाच्या बाटल्यांवर तारीख आणि पॉलिमरचं वजन लिहून त्याही आण, झाकण पीटीएफईच्या अस्तराचं असू दे.

तुझा,
सर