स्टेल्थ गेममध्ये नुसतं अंधारात बसून राहायचं असतं, मग लोकांना ते इतके का आवडतात?

तुम्ही लिहिलंय की मित्राने आग्रह केला म्हणून एक स्टेल्थ गेम, म्हणजे शत्रूला चाहूल न लागू देता लपतछपत खेळायचा गेम, लावलात, पहारेकऱ्याची येरझार बघत बराच वेळ भिंतीआड बसलात आणि शेवटी कंटाळून गेम काढून टाकलात. आजवर फक्त गोळीबाराचे गेम खेळलेल्या माणसाला असं वाटणं साहजिक आहे. पण ज्या येरझारीला तुम्ही कंटाळलात, तीच तर खरी खेळायची गोष्ट असते. तिच्याकडे नीट बघायला शिकलात की या प्रकाराची चटक लागते.

मी सगळं एकाच गेमच्या आधाराने सांगतो: 'थीफ: द डार्क प्रोजेक्ट'. अमेरिकेतल्या लुकिंग ग्लास स्टुडिओजने तो 1998 च्या अखेरीस आणला. त्याच वर्षी जपानमधून 'तेन्चू' आणि 'मेटल गिअर सॉलिड' आले होते, त्यामुळे स्टेल्थवाले लोक 1998 चं नाव निघालं की हळवे होतात. या तिघांत मला थीफ सगळ्यात जवळचा, कारण तो डोळ्यांपेक्षा कानांनी खेळायचा गेम आहे.

यात तुम्ही गॅरेट नावाचा चोर असता. तलवार असते, पण समोरासमोर दोन पहारेकरी आले की बहुतेक वेळा खेळ आटोपतो. गंमत म्हणजे हा गेम सुरुवातीला तलवारबाजीचाच व्हायचा होता, राजा आर्थरची गोष्ट उलटी करून सांगणारा. करता करता दबकत जाणंच त्यातला सगळ्यात रंगणारा भाग आहे हे बनवणाऱ्यांच्या लक्षात आलं आणि सगळा गेम त्याभोवती उभा राहिला. फार बरं झालं.

स्क्रीनच्या खालच्या बाजूला मधोमध एक खडा दिसतो. तुम्ही उजेडात असाल तर तो चमकतो, गडद सावलीत असाल तर काळवंडतो. म्हणजे तुम्ही कितपत दिसताय ते कायम समजत असतं. पण तुमचा आवाज किती होतोय हे सांगणारा असा कुठलाच खडा नाही. ते तुम्हाला स्वतःच ऐकावं लागतं. गालिच्यावरून चाललात तर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. दगडी जमिनीवर थोडा आवाज होतो. गुळगुळीत फरशीवर किंवा लोखंडी जाळीवर पाय पडला की ठण्‌ठण्‌ आवाज घरभर घुमतो. मग तुम्ही दालनात शिरताना आधी भिंतीवरची चित्रं किंवा चांदीची भांडी बघत नाही, जमीन बघता. गालिचा कुठे संपतो, पुढे किती पावलं फरशी आहे, पहारेकरी पाठ करून किती वेळ उभा राहतो. हा हिशेब मनातल्या मनात चालू असताना बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस नुसता बसलाय.

गॅरेटच्या भात्यातले बाणही याच धाटणीचे. पाण्याचा बाण मशालीवर मारला की मशाल विझते, विजेच्या दिव्यावर मात्र त्याचा काही उपयोग नाही. शेवाळाचा बाण फरशीवर मारला की तिथे मऊ शेवाळ पसरतं आणि त्यावरून चालताना पाय वाजत नाहीत. दोराचा बाण लाकडात रुततो आणि खाली दोर सोडतो, दगडावर मात्र आपटून पडतो. म्हणजे छताकडे बघतानाही तुम्ही तुळया शोधता. बाकीच्या गेममध्ये शस्त्रं माणसांवर चालतात. इथे ती प्रामुख्याने घरावर चालतात, आणि म्हणून ते घर तुम्हाला असं पाठ होतं जसं जुन्या वाड्यात वाढलेल्याला कुठल्या पायरीचं लाकूड करकरतं ते पाठ असतं.

आता ऐकण्याबद्दल. थीफ बनवणाऱ्यांनी आवाजासाठी त्या इमारतीचा वेगळा आराखडाच गेममध्ये घातला होता: कुठली खोली कुठल्या खोलीला कुठल्या दारातून जोडलेली आहे याचा. त्यामुळे आवाज भिंतीतून सरळ आरपार येत नाही, तो दारांमधून, जिन्यांवरून वळसे घेत येतो. दार लावलं की तो दबतो. पलीकडच्या बोळातून कोणी शीळ घालत येत असेल तर हेडफोनवर ती शीळ कुठल्या दारातून येतेय ते कळतं, आणि तो वळेपर्यंत तुमच्याकडे साधारण किती वेळ आहे याचा अंदाजही येतो. पहारेकऱ्यांनाही तुमचा आवाज त्याच वाटेने पोहोचतो. दोन्ही बाजूंना एकच नियम. म्हणून पकडलं गेल्यावर गेमवर राग येत नाही, कारण कशामुळे पकडलं गेलो ते समजतं.

हे पहारेकरी तुम्हाला बघतात किंवा बघत नाहीत, एवढंच नसतं. मध्ये पायऱ्या आहेत. काहीतरी हललं असं वाटलं की तो पुटपुटतो आणि चालत राहतो. पुन्हा आवाज झाला की थांबतो, वळतो, शोधायला येतो. नीट दिसलात की ओरडतो आणि धावतो. आणि प्रत्येक पायरीला तो मोठ्याने बोलतो, त्यामुळे त्याच्या मनात काय चाललंय ते तुम्हाला अंधारातून ऐकू येतं. तो हातभर अंतरावर उभा आहे, खडा काळाच आहे, पण तुमच्या मागे भिंत आणि पुढे फरशी. तो "कोण आहे तिकडे" म्हणतोय आणि तुम्ही की-बोर्डवरून बोटं उचलून बसलाय. काही सेकंदांनी तो "उंदीर असेल" अशा अर्थाचं काहीतरी बडबडतो आणि परत फिरतो. त्या क्षणी जे वाटतं, ते मला दुसऱ्या कुठल्याही प्रकारच्या गेमने दिलेलं नाही. शंभर शत्रू मारूनही नाही.

पहिल्याच मिशनमध्ये, लॉर्ड बॅफर्डच्या हवेलीत त्याचा रत्नजडित राजदंड चोरायला जाताना, दोन पहारेकरी अस्वलांच्या झुंजींवर गप्पा मारताना ऐकू येतात. पूर्वीची अस्वलं कशी होती, आताची कशी आहेत, असलं बोलणं. त्याचा मिशनशी काडीचा संबंध नाही. पण ते ऐकल्यावर ती दोन माणसं होतात, नोकरीवर कंटाळलेली. एक्स्पर्ट या सगळ्यात अवघड पातळीवर खेळलात तर माणसांना मारायचंच नाही अशी अट असते. कारण साधं आहे: चोर व्यावसायिक आहे, खुनी नाही. फार तर मागून जाऊन डोक्यात सोटा घालून बेशुद्ध करायचं. माझ्या मते तर तेही टाळावं. कोणालाही हात न लावता, कोणालाही चाहूल न लागता आत जाऊन बाहेर येणं यात जी मजा आहे तिची सर कशालाच नाही.

सगळ्याच स्टेल्थ गेमना कानाचं हे वेड नाही. मूळ 'मेटल गिअर' 1987 मध्ये एमएसएक्स2 या संगणकासाठी आला, तेव्हा त्या यंत्राला एकाच वेळी फारसे शत्रू आणि गोळ्या स्क्रीनवर दाखवणं झेपत नव्हतं. तो बनवणाऱ्या हिदेओ कोजिमाने मग लढण्याऐवजी लपायचा गेम बनवला. माद्रिदच्या पायरो स्टुडिओजच्या 'कमांडोज'मध्ये वरून सगळा तळ दिसतो आणि शत्रूची नजर हिरव्या पट्ट्यासारखी जमिनीवर फिरते. त्यातल्या फिकट भागात कुठल्याही अवस्थेत दिसता, गडद भागात मात्र सरपटत गेलात तर दिसत नाही. तो जवळजवळ बुद्धिबळासारखा विचार करायला लावतो. आणि आपल्याकडच्या सायबर कॅफेत 2000 नंतर ज्याने त्याने खेळलेला 'आयजीआय' आठवतोय का? नॉर्वेतल्या इनरलूप कंपनीचा. त्यात मिशनच्या मध्ये सेव्ह करता येत नव्हतं आणि अलार्म वाजला की आणखी सैनिक यायचे. कित्येक मुलं आधी कॅमेरे आणि अलार्म बंद करायची, नकाशावर पहारे बघायची आणि मगच कुंपण ओलांडायची. तुम्ही तो खेळला असाल तर स्टेल्थची चव तुम्ही आधीच घेतलेली आहे.

एक गोष्ट मात्र मला खटकते, आणि ती अलीकडच्या बऱ्याच गेममध्ये असते. खेळाडूला भिंतीपलीकडचं सगळं दाखवणारी नजर देऊन टाकतात. बटण दाबलं की सगळे पहारेकरी रंगवलेले दिसतात. मग कानोसा घ्यायची गरजच उरत नाही, नुसते ठिपके चुकवत चालायचं. 'डिसऑनर्ड' हा माझा अतिशय आवडता गेम आहे, त्याची नगररचना अप्रतिम आहे, पण त्यातली भिंतीपलीकडे बघायची शक्ती मी खेळताना कधी घेत नाही. त्याउलट 'मार्क ऑफ द निंजा' आवाज चक्क वर्तुळं काढून दाखवतो, आणि तिथे ते शोभतं, कारण तो बाजूने दिसणारा चित्रासारखा गेम आहे आणि त्यात सगळी मजा नेमक्या अंतरांची आहे.

सेव्हबद्दलही सांगतो, कारण नवीन माणूस तिथेच गेमचा जीव घालवतो. दर दोन पावलांनी सेव्ह आणि पकडलं गेलं की लगेच लोड, असं करू नका. पकडलं गेल्यावर पळा. दार लावा, जिना उतरा, मशाल विझवा, कोपऱ्यात बसा. पहारेकरी शोधून शोधून थकेपर्यंतची ती काही मिनिटं कित्येकदा ठरवून केलेल्या चोरीपेक्षा जास्त रंगतात. फसलेला बेत सावरता येतो हे समजलं की भिंतीआड बसणं आपोआप रंजक होतं, कारण आता तुम्ही पळायची वाटही बघून ठेवत असता.

सुरुवात कशाने करावी, हेही तुम्ही विचारलंय. चित्रं जुनाट चालत नसतील तर 'मार्क ऑफ द निंजा' घ्या. चालत असतील तर 'थीफ गोल्ड' घ्या, ही 1999 ची वाढवलेली आवृत्ती आजच्या संगणकावर चाहत्यांनी बनवलेल्या पॅचसह, म्हणजे दुरुस्त्यांसह, छान चालते. पैसे घालायचे नसतील तर चाहत्यांनीच थीफच्या धाटणीवर बनवलेला 'द डार्क मॉड' पूर्ण फुकट आहे. मूळ स्टुडिओ 2000 मध्ये बंद पडला, तरी लोक अजून नवीन नवीन मिशन बनवताहेत, यावरून काय ते समजा. हेडफोन लावा आणि खोलीतला दिवा बंद करा.

थीफमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या मिशनला तुरुंगाखालच्या खाणीत आणि थडग्यांत चालती प्रेतं भेटतात. बरेच जण तिथे वैतागून सोडतात, चोरी करायला आलो आणि हे काय म्हणून. तिथे नेटाने खेळत राहा. कारण चौथ्या मिशनमध्ये दोन मारेकरी गॅरेट समजून भलत्याच माणसाला मारतात आणि परत आपल्या धन्याकडे निघतात, आणि तुम्हाला रात्रीच्या रस्त्यांवरून, त्यांना पत्ता लागू न देता, त्यांच्या मागे मागे जायचं असतं. फार जवळ गेलात तर ते ऐकतील, फार मागे राहिलात तर कुठल्या बोळात वळले ते कळणार नाही. बराचसा रस्ता त्यांच्या पावलांच्या आवाजावरच काढावा लागतो. ते मिशन खेळून झालं की इथेच खाली लिहा, धन्याच्या वाड्यात कुठून शिरलात ते मला ऐकायचंय.